मैनेने खाल्लेली वेणी

चाकणच्या चौकात गाडी अडकली की माणूस तिथेच संसार थाटतो. कोणी डबा उघडतं, कोणी दाढी उरकतं, कोणी बायकोशी फोनवर सुरू झालेलं भांडण मिटवूनही टाकतं. त्या दिवशी मी स्कूटीवर बसून आरशात स्वतःला बघत होते. संक्रांतीचा दिवस, कंपनीत बायकांचं हळदीकुंकू, अंगावर काळी साडी आणि अंबाड्यावर अबोलीची भरगच्च वेणी. हेल्मेट अंबाड्यावर बसेना म्हणून ते हँडलला लोंबत होतं. इतकी छान मी वर्षातून एखाद्या वेळीच दिसते, त्यामुळे आरशात बघायचा मला पूर्ण हक्क होता.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझा अंबाडा ओढला.

मी किंचाळून वळले तर समोर एक लांब तपकिरी तोंड. मोठे, शांत, दाट पापण्यांचे डोळे... आणि दातांत माझी वेणी!

शेजारी एक पिकअप उभी होती आणि तिच्या हौद्यात ही घोडी. पुढचं दार धाडकन उघडलं, एक तरुण खाली उडी मारून आला.

"मैना! सोड! सोड म्हणतो ना!"

मैनेने डोळे मिटून चावणं चालूच ठेवलं. त्याने बेधडक तिच्या जबड्यात बोटं घातली आणि आतून दोरा तेवढा ओढून काढला. फुलं केव्हाच पोटात गेली होती.

"दोरा गेला असता म्हणजे?" तो तिला रागावला. "पोट दुखलं असतं ना, बाळा."

"आणि माझी वेणी?" मी विचारलं.

तेव्हा कुठे त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला बिचारा. "सॉरी मॅडम... तशी गुणाची आहे ती. फक्त चांगली वस्तू दिसली की तिला राहवत नाही."

"म्हणजे वेणी चांगली होती?"

"वेणी कुठं नीट बघितली मी..." तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर जीभ चावली.

मागचे हॉर्न एकदम कोकलायला लागले. कधी नव्हे तो चौक सुटला होता, आणि कधी नव्हे तो मला तो सुटायला नको होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच वेळी त्याच चौकात होते. आता कामाला जायचा रस्ताच तो, त्यात माझा काय दोष? पंक्चरच्या दुकानापाशी तो उभा. हातात केळीच्या पानाचा पुडा.

"मैनेनं पाठवलीय," तो म्हणाला. "माफी मागितलीय."

"तिला सांगा, वेणी पोचली. माफीचं बघू."

"कधी बघू?"

"तिच्या मालकाचं नाव कळल्यावर."

"ओम," तो हसला. "आणि मालक नाही मी. मालकीण तीच आहे."

अशी आमची सुरुवात. ओम माझ्या शेजारच्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा, मी आमच्या कंपनीत क्वालिटीला. आमच्या शिफ्ट जुळायच्या, आणि जुळत नसल्या तर आम्ही जुळवायचो. फाटकाबाहेरच्या टपरीवर दोन कटिंग, एक मस्कापाव आणि न संपणाऱ्या गप्पा. तो बोलताना हात फार हलवायचा. लगाम धरून घट्टे पडलेले ते हात, त्यांना घोडीचा आणि साबणाचा मिळून एक वास यायचा. मी चहापेक्षा त्या वासासाठी जायचे, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता आहे. फार शेफारलाय.

त्याच्या गावी, भामा नदीच्या पलीकडे, घरचा बैलगाडा होता. त्यांच्याकडच्या शर्यतीत बैलांच्या पुढे एक घोडी धावते आणि बैल तिच्या मागे जीव खाऊन चढण चढतात. मैना ती घोडी. हे ऐकून मी उडालेच, कारण आमचे बाबा म्हणजे बैलगाड्याचे वेडे. धाराशिवकडून चिंचवडला येऊन उभी हयात कारखान्यात घालवलेला हा माणूस दर रविवारी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून शर्यत लाईव्ह बघतो. शर्यतीइतकाच त्यांना माईकवरचा निवेदक आवडतो. लोक आवडत्या गाड्याला बक्षीस पाठवतात, आणि निवेदक नातं विचारल्याशिवाय एकही बक्षीस पुकारत नाही. मामाकडून, मेव्हण्याकडून, थोरल्या जावयाकडून. नातं नाही तर पुकारा नाही, असा तिथला रिवाज. बाबांना कोणाचा कोण लागतो हे सगळं पाठ आहे.

फेब्रुवारी संपता संपता एका रविवारी ओमने मला गावी नेलं. घाट, म्हणजे शर्यतीची ती चढण, रिकामी पडली होती. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, वर निळंशार आभाळ. त्याचे वडील गेनबाकाका मैनेला गूळ चारत होते.

"पाव्हनं कुठलं?" त्यांनी विचारलं.

"चिंचवडची," मी म्हटलं. "मूळ धाराशिवची."

"लांबचं हाय," ते म्हणाले. मग ओमकडे बघून हळूच, "सांगितलंस का?"

ओमने नाही अशी मान हलवली. काका गुळाचा खडा माझ्या हातात देऊन निघून गेले. घोडीसाठी होता की माझ्यासाठी, कळेना. मी खाऊन टाकला.

ओमने मैनेचा लगाम बोटांभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"विजू... मी जन्मलो तेव्हा घरात मुलगी झाली म्हणून पेढ्याऐवजी बर्फी वाटली होती. नाव पण मुलीचं ठेवलं. वाढवलं पण तसंच. पण मी मुलगी नव्हतो गं... कधीच नव्हतो. या घाटात पोरं घोडी पळवायची आणि मी घरी ताट धरून त्यांना ओवाळायचो. घोडीवर मी त्यांच्यापेक्षा भारी बसायचो, पण घाट पुरुषांचा. मग डॉक्टर, औषधं, ऑपरेशन, कागदपत्रं... पाच वर्षं लागली. ओम हे नाव मी घेतलंय. ट्रान्स पुरुष म्हणतात. मी नुसतं पुरुष म्हणतो."

वारा पडला होता. मैना शेपटीने माश्या वारत होती. मला धक्का बसला का? बसला. खोटं कशाला सांगू? पण त्या धक्क्यातही मला दिसत होता तो त्याचा हात, लगाम गुंडाळणारा. तो कालचाच हात होता. माझं त्याच्यावरचं प्रेम एक इंचभरही हललं नव्हतं, आणि ते कळून मला इतकं भरून आलं की मी जगातलं सगळ्यात चांगलं वाटणारं वाक्य बोलून टाकलं.

"मला काही फरक पडत नाही, ओम."

त्याचा चेहरा विझला. अगदी डोळ्यांदेखत.

"मला पडतो," तो म्हणाला. "जन्मापासून पडलाय. फरक पडतो म्हणून तर एवढं सगळं केलं."

"अरे, म्हणजे मला म्हणायचं होतं की..."

"कळलं काय म्हणायचं होतं. चांगल्या मनानंच बोललीस." त्याने मैनेच्या मानेला गाल टेकवला. "आधी एक होती, पिंकी. ती म्हणायची, तू बाकीच्या पुरुषांसारखा नाहीस, तुला बाईचं मन कळतं. मी खूश. मग मी लग्नाचं विचारलं तर म्हणाली, लग्न मी पुरुषाशीच करणार... दोन वर्षं माझ्याबरोबर ती कोणाला भेटत होती, विजू?"

मी मैनेच्या आयाळीत अडकलेलं गवत काढायला लागले.

"चैत्रात यात्रा आहे. या घाटात पहिल्यांदा मी गाड्यापुढं घोडी पळवणार. सगळा गाव असेल. तू विचार कर, मी तुला कोण म्हणून आवडतो. सापडलं तर ये." मग ओठ जरासे हलले, हसू आणायचा प्रयत्न. "नाही सापडलं तर मैनेला मी काहीतरी सांगेन."

मिनल ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. ताथवड्याला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि जगातल्या कुठल्याही विषयावर तिचं मत तयार असतं. कॉलेजच्या कँटीनमध्ये तिने सगळं ऐकून घेतलं, समोसा खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे मग तू... बाय? बाई, पुरुष दोन्ही आवडणारी? का पॅन, कोणीही आवडणारी? कधी बोलली नाहीस!"

"मला बायका नाही आवडत गं त्या अर्थाने. कधीच नाही."

"पण ओम..."

"ओम बाई नाहीये."

हे मी इतक्या फटकन बोलले की पलीकडच्या टेबलावरची पोरं वळली. आणि माझं मलाच काहीतरी ऐकू आलं.

तरी मी स्वतःला सोडलं नाही. रात्री अंथरुणावर नाही, चांगली दिवसाढवळ्या, कामाला जाता-येता स्वतःची उलटतपासणी घेतली. दहावीत मला गणिताच्या क्लासमधला शेखर आवडायचा, त्याच्या मिसरुडासकट. नंतर एक सीनियर. सगळे पुरुषच. ओमच्या हनुवटीवरचे राठ खुंट मला आवडतात. तो स्कूटीवर मागे बसला की माझी पाठ ताठ होते, ते आवडतं. त्याचा आवाज, चहा फुंकताना खाली जाणारी नजर, गर्दीत मला पुढे काढून स्वतः मागे राहणं. ओम मुलगी असता तर आवडला असता का? हा प्रश्नही मी विचारला. पण तशी मुलगी कधी नव्हतीच. एक मुलगा होता, ज्याला सगळे चुकीच्या नावाने हाक मारत होते. मग मी कोणाला फरक पडत नाही म्हणत होते? मला तर केवढा फरक पडत होता!

हे मी मिनलला त्याच कँटीनमध्ये सांगितलं तेव्हा तिने समोसा परत खाली ठेवला. मिनलने समोसा खाली ठेवला की समजावं, काहीतरी मोठं येतंय.

"मला बाय हा शब्द सापडला ना, विजे, त्या दिवशी मी बाथरूममध्ये बसून रडले होते. आनंदाने. वाटलं, चला, आपल्याला पण पत्ता आहे." तिने माझ्याकडे बघितलं नाही, समोशाचा चुरा बोटाने गोळा करत राहिली. "तुला आज सांगतेय. म्हणून मला वाटलं, तुलाही शब्द दिला की बरं वाटेल. पण ज्याचा त्याने शोधायचा असतो तो. मी तुझ्या कपाळावर चिकटवायचा नाही. चुकलं माझं."

मी उठून तिला घट्ट मिठी मारली. सगळ्या कँटीनसमोर. इतकी वर्षं माझ्याशेजारी बसून ही पोरगी एवढं एकटीने सांभाळत होती, आणि मला वाटत होतं तिच्या पोटात काही राहत नाही.

"मग तुझा पत्ता काय?" तिने डोळे पुसत विचारलं.

"जुनाच," मी म्हटलं. "पुरुष आवडणारी बाई. फक्त आता एकच पुरुष."

"मग त्याला सांग ना, बावळट!"

"सांगणार आहे. पण नुसतं त्याला सांगून भागायचं नाही."

यात्रेच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पिंपरीच्या फूलबाजारात जाऊन अबोलीची वेणी घेऊन आलो. पोचलो तेव्हा घाट माणसांनी नुसता फुलला होता. डोंगराच्या दोन्ही अंगांनी टोप्या आणि फेटे, मध्ये उभी चढण, हवेत भंडारा. जिभेवरसुद्धा हळदीची चव. बायका थोड्याच होत्या, आणि त्या सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. खाली, चढणीच्या पायथ्याशी, गेनबाकाकांचे बैल जुंपले जात होते आणि त्यांच्या पुढे मैनेवर ओम. पिवळा फेटा, पांढरा सदरा. ताठ बसला होता, पण लगाम बोटांभोवती गुंडाळत होता... सोडत होता... गुंडाळत होता. एवढ्या लांबून मला ते दिसलं. त्याने वर बघितलं नाही.

माथ्यावरच्या मंडपात माईकवर भिवाकाका होते. गावचे जुने निवेदक, बाबांचे अतिशय लाडके. एका पोराने मोबाइल तिपाईवर लावून शर्यत लाईव्ह सोडली होती. म्हणजे चिंचवडला तांब्याला टेकलेल्या मोबाइलमध्ये हाच मंडप दिसत होता, हे मला पक्कं माहीत होतं. इथे बोललेलं आईच्या स्वयंपाकघरात ऐकू जाणार होतं.

"पुढची बारीsss! गेनबा लिंभोरे यांचा गाडा! आणि घोडीवर कोण? तर गेनबाची पोरगी..."

घाट एकदम चिडीचूप झाला. भिवाकाकांना वाईट बोलायचं नव्हतं हो. अंगाखांद्यावर खेळवलेलं पोर ते, जुनी सवय तोंडातून सुटली. पण खाली मैनेवरचा तो ताठ कणा मला वाकलेला दिसला.

आणि गेनबाकाका बैलांपासून निघाले. सत्तरीचा माणूस, हातात चाबूक तसाच, पूर्ण चढण तुडवत मंडपात आला. माईक मागून घेतला नाही. नुसता भिवाच्या समोर उभा राहिला, पण तो बोलला ते माईकने ओढून घेतलंच.

"भिवा. पोरगी न्हाई. माझा पोरगा हाय त्यो. ओम. नीट पुकार."

भिवाकाकांनी टोपी काढली, परत घातली. "चुकलं, गेनबा." मग छाती भरून श्वास घेतला. "ऐका होsss! घोडीवर हाय गेनबाचा पोरगा... ओम गेनबा लिंभोरेsss!"

आधी एक शिट्टी आली. मग दुसरी. मग कोणीतरी भंडाऱ्याची मूठ उधळली आणि डोंगर पिवळा झाला.

माझे पाय आपोआप मंडपाकडे चालायला लागले. मिनल मागून "जा जा जा" करत होती. मी वेणीचा पुडा भिवाकाकांपुढे ठेवला.

"बक्षीस हाय? कोणाला?"

"मैना घोडीला. आणि तिच्या स्वाराला."

"वेणी?" ते हसले. "बरं. नाव सांगा. आन् नातं काय सांगू, ताई?"

नातं नाही तर पुकारा नाही. मग मी खाली बघितलं. ओम मान वर करून मंडपाकडे बघत होता, माझ्याकडे. आणि मला आतून असा काही अभिमान वाटला की सांगता येत नाही. त्याचा, काकांचा, कँटीनमध्ये मन मोकळं केलेल्या मिनलचा आणि मी, विजयश्री, इथवर आले त्याचाही. मी माईक जवळ ओढला आणि स्वतःच बोलले.

"मी विजयश्री मालोजी गरड, चिंचवड. घोडेस्वार ओम लिंभोरे यांची होणारी बायको."

भिवाकाकांचा आ वासलेला राहिला. गेनबाकाकांनी चाबूक बगलेत मारला आणि दोन्ही हातांनी डोळे पुसले. खाली ओम... ओम घोडीवरून पडता पडता राहिला, हे मी आमच्या नातवंडांनासुद्धा सांगणार आहे.

मग झेंडा पडला. मैना उधळली आणि तिच्या मागे बैल. धूळ, आरोळ्या, भिवाकाकांचं "उचललीsss!" आणि त्या सगळ्याच्या पुढे पिवळा फेटा, मानेवर वाकलेला, हसणारा. एवढ्या वेगात माणूस हसत असतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. गाडा पहिला नाही आला, दुसरा आला. पण घाटावर विचारा, त्या दिवशी पहिला कोण आला ते कोणाच्या लक्षात नाही.

माझा फोन थरथरत होता. घर.

"विजे, काय करायलीस गं हे?" आईचा रडका आवाज. "आम्हाला आधी सांगायचं की नाही? तुला लाज..." पुढे फोन बाबांनी घेतला.

"सगळं ऐकलं मी," ते म्हणाले. "त्याच्या बापाचं पण."

"बाबा..."

"आई रडायलीय. मला पण जरा वेळ लागंल, पोरी. पण..." त्यांनी लाईव्हचा आवाज बारीक केला. "पोरगं घोडीवर बसायलंय झकास. रविवारी घरी आण. शर्यत बघू सोबत."

मी वेणीचा पुडा उचलला आणि फोन छातीशी धरून खाली धावले. ओम मैनेला चालवत परत उतरून घाटाच्या कडेला आला होता. भुवयांवर भंडारा, ओठांवर धूळ.

"होणारी बायको?" तो धापा टाकत म्हणाला. "मी विचारलंय का अजून?"

"तूच म्हणालास, उत्तर सापडलं तर ये."

"मी प्रश्न वेगळा विचारला होता."

"त्याचंच उत्तर आहे. कोण म्हणून आवडतोस? नवरा म्हणून. पुरुष म्हणून. मागे मी चुकीचं बोलले, ओम. मला फरक पडतो. फार पडतो."

त्याने बाहीने तोंड पुसलं, भंडारा आणखी पसरला, आणि त्या पिवळ्या चेहऱ्यातून डोळ्यांचं पाणी सरळ हनुवटीपर्यंत आलं. मी ते बोटाने टिपलं, खुंटांवरून.

मैनेने आमच्या मध्ये तोंड घातलं. तिला पुड्याचा वास लागला होता.

"थांब, आधी दोरा काढ," ओम म्हणाला.

मी दोरा काढला. निम्मी अबोली मैनेने माझ्या ओंजळीतून खाल्ली. उरलेली फुलं ओम एकेक करून माझ्या केसांत खोचू लागला, सगळ्या गावादेखत, अजिबात घाई न करता. मीही मान वर करून उभी राहिले. बघू देत, म्हटलं. नीट बघू देत.

वरून कर्णा कडाडला. भिवाकाका जोरात होते.

"ओ लिंभोरेsss! नवरा-नवरीनं घाट मोकळा करावा! पुढची बारी खोळंबलीय!"